तिसरा गवंडी

प्रार्थनाघराच्या कामासाठी तीन गवंड्यांची नावे द्यायची होती आणि आमच्याकडे दोनच होती. एक माझ्या मुलाचे. दुसरे रेडिओचे. रेडिओ हा माझ्या वारलेल्या यजमानांच्या हाताखाली तयार झालेला म्हातारा गवंडी. सकाळी कामावर आल्यापासून हातपाय धुवेपर्यंत त्याचे तोंड बंद होत नसे, म्हणून ते नाव पडले. इमारत दोनशे वर्षांची, सरकारी यादीत चढलेली. तिच्या भिंतीला जो हात लावील त्याचे नाव आधी कागदावर हवे, असा नियम होता. तिसरे नाव मिळाले नाही तर काम ठेकेदाराकडे जाणार होते, आणि ठेकेदाराची माणसे चुना म्हटला की हसत.

चुन्याची कामे संपत आली होती. मागच्या दोन वर्षांत आम्ही एक विहीर, एक कमान आणि कुणाच्या तरी बागेची भिंत एवढेच केले. मुलगा मधल्या दिवसांत ठेकेदाराकडे जाऊन सिमेंटच्या गोण्या उतरवत असे. संध्याकाळी घरी आला की माझ्याकडे न पाहता हात धूत असे. ते मला दिसत होते आणि मला दिसते आहे हे त्यालाही ठाऊक होते.

प्रार्थनाघरात प्रार्थना होणे केव्हाच थांबले होते. मधल्या काळात तिथे धान्याची पोती होती, मग शाळेची मोडकी बाके, मग कबुतरे. भिंतींना कुणीतरी हिरवा तैलरंग फासला होता आणि त्या रंगाच्या आत कोंडलेली ओल फोडासारखी फुगून आली होती. खिडक्या उंच, वर टोकदार. जमिनीवरच्या फरशा मधोमध झिजून खोलगट झालेल्या, जिथून माणसे दोनशे वर्षे चालत गेली होती. ही जागा संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी घेतली होती. ज्यांचे उपचार वर्षानुवर्षे चालतात त्यांना दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बसायला, पाठ टेकायला, चार शब्द बोलायला जागा हवी, असे त्यांचे म्हणणे. त्याला त्या आधार केंद्र म्हणत.

"आमच्या माणसांना रंगाचा वास सोसत नाही," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "निम्म्यांना उलट्या होतात. म्हणून चुनाच हवा. आणि भिंत कोरडी हवी, एवढंच मला कळतं. बाकीचं तुमचं तुम्ही."

बाकीचे बघायला त्यांनी एक इंजिनिअर ठेवला होता. पोरगेलासा, अंगाने सडसडीत, बोलण्याआधी मोजणारा. रेडिओने दुसऱ्याच दिवशी त्याचे नाव फूटपट्टी ठेवले.

"आजी, तिसरं नाव तुमचंच घालू का?" फूटपट्टीने विचारले. "सगळे म्हणतात, या घरात शब्द तुमचा चालतो."

"मी तुमची आजी नाही," मी म्हटले. "आणि कागदावर जाऊन बसण्याइतकी मी अजून रिकामी झालेले नाही."

खरे कारण निराळे होते. मी जन्मात कधी गवंड्याची करणी धरलेली नाही. आमच्याकडे बायका चुना चाळत, मळत, वाहून नेत, भिंत पुरुषांची. माझे सासरे म्हणत, बाईच्या मनगटाने गिलावा पोट काढतो, फुगतो. मी करणी मागितली नाही आणि मला कुणी दिली नाही. मला मिळाली ती जीभ. खड्ड्यातला चुना मुरला की नाही हे आमच्या घरात जिभेवर ठरे. कच्चा चुना जिभेच्या टोकाला चिमटा घेतो. त्याला आम्ही 'चावतो' म्हणतो. पुरता मुरला की तो थंड, लोण्यासारखा लागतो. त्याला 'निवला' म्हणतो. माझ्या सासूबाईंनंतर हा शब्द माझा झाला. मी 'निवला' म्हटल्याशिवाय यजमानांनीसुद्धा कधी घमेले भरले नाही.

"मग माझ्या बायकोचं घाला," मुलगा फूटपट्टीला म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

सून खाली चाळणीपाशी बसली होती. तिचे हात थांबले.

ती आठ वर्षांपूर्वी घरात आली. आमच्या घराची मागची भिंत तिने एकटीने गिलावा करून घोटली होती, मुलाच्या जुन्या करणीने, मी माहेरी गेले असताना. परत आल्यावर मी त्या भिंतीवरून हात फिरवला आणि काही बोलले नाही. नाव ठेवायला जागा नव्हती, हे त्याचे कारण.

फूटपट्टीने मोजून मापून उत्तर दिले. दक्षिणेची भिंत तिने करावी; ती वाळेपर्यंत बाकीच्या भिंतींचा नुसता रंग उतरवायचा. भिंत नीट उतरली तर तिचे नाव गवंडी म्हणून कायमचे यादीत चढेल, प्रमाणपत्र मिळेल, पुढे कुठल्याही जुन्या इमारतीवर ती स्वतःच्या नावाने काम घेऊ शकेल. भिंत बिघडली तर नाव खोडले जाईल, आणि खोडलेले नाव पुन्हा घेत नाहीत.

त्या दिवशी दुपारी डबे उघडल्यावर तिने रेडिओला विचारले, "काका, कागदावर बाईचं नाव असलं की काय लिहितात हो? गवंडीण?"

"गवंडीण लिहिलं की गवंड्याची बायको झालीस," रेडिओ घास चावत म्हणाला. "ती तू आहेसच, त्याला कागद कशाला? गवंडीच लिहायला लावू. मिशा मागितल्या तर माझ्या नेऊन दाखव."

ती हसली. तोंडावर हात न धरता हसली. मी डब्याचे झाकण लावले आणि म्हटले, "आधी भिंत उभी राहू द्या."

प्रार्थनाघराच्या मागे खड्डा खणून आम्ही कळीचा चुना विरवला होता. खडे पाण्यात पडले तेव्हा खड्डा दिवसभर खदखदत होता, जवळ जाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढीत होता. मग निवळून, फडक्यातून गाळून, वर चार बोटे पाणी ठेवून झाकला. तीन महिने, हा यजमानांचा नियम. आणि थंडी असेल तर त्याहून जास्त. त्या साली थंडी हाडात शिरणारी होती. सकाळी खड्ड्यावरच्या पाण्याला पातळ पापुद्रा धरत असे.

दीड महिना झाला तेव्हा फूटपट्टी आला. उद्घाटनाची तारीख अलीकडे आली होती.

"अजून किती दिवस?" त्याने विचारले.

"नियमानं दीड महिना," मुलगा म्हणाला.

"आणि आत्ता उघडला तर?"

"ते आई सांगेल."

मुलाने पाणी बाजूला सारून करणीच्या टोकावर बोटभर चुना काढला आणि माझ्यासमोर धरला. रेडिओ, फूटपट्टी, ठेकेदाराची दोन माणसे जी उगाच बघायला आली होती, सगळे उभे राहिले. मी कडेने थोडा घेऊन जिभेच्या टोकाला लावला.

काहीही लागले नाही.

मला ते आधीच माहीत होते. थंडीच्या सुरुवातीला मला ताप आला होता. तो गेला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. गोड, तिखट, आंबट, सगळे ओले कापड चघळल्यासारखे. मी कुणाला सांगितले नाही. स्वयंपाक मी हाताच्या अंदाजाने करीत होते. येईल परत, असे समजत होते. बोटे म्हणाल तर चुन्याने पन्नास वर्षांत ती अशी करून ठेवली आहेत की त्यांना सुई टोचलेली कळत नाही.

सून कधी खड्ड्यापाशी आली ते मला दिसले नाही. तिने वाकून करंगळीवर चुना घेतला, तोंडाशी नेला आणि हळूच म्हणाली, "आई, अजून चावतोय."

हळू म्हणाली तरी सगळ्यांनी ऐकले. ठेकेदाराच्या माणसांपैकी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसले.

"तुझी जीभ या घरात आठ वर्षं आहे," मी म्हटले. "माझी पन्नास. चुना निवला. घमेली भरा."

ती मागे सरली. रेडिओचे तोंड उघडे होते. ते त्याने मिटले. मुलाने फावडे उचलले. फूटपट्टीने वहीत तारीख टाकली.

थोडे दिवस थांबा, असे मी म्हटले असते तर फूटपट्टी थांबला असता. त्याने नंतर तसे बोलूनही दाखवले. काम हातचे जाईल म्हणून मी तो शब्द उच्चारला, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तसे नव्हते.

दक्षिणेच्या भिंतीचे काम बावीस दिवस चालले. आधी हिरवा रंग खरवडून काढला. तो सुटताना तेलकट सालपटे पडत आणि त्यांच्यामागे दगड घामेजलेला असे. मग भिंत आठवडाभर उघडी वाऱ्याला ठेवली. सून पहाटेच्या उजेडात परांचीवर चढत असे. दगडांच्या सांध्यांतली जुनी माती ती टोकदार सळीने काढी, प्रत्येक सांध्यात पाणी मारी, मग करणीने चुना फेकी; लावीत नसे, फेकीत असे, मनगटाच्या झटक्याने, एकाच आवाजात. तो आवाज ऐकून रेडिओ पश्चिमेच्या भिंतीचा रंग खरवडता खरवडता म्हणे, "ऐका, ऐका. घड्याळ लावून घ्या."

ठेकेदाराची माणसे बाहेर गटार खणत होती. त्यांच्यातला एक रोज दारात डोकावून विचारी, "काय बाई, आज किती लोकांना चुना लावला?"

"तुझा नंबर उद्या," ती वरून सांगे. "रांगेत राहा."

तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. संध्याकाळी ती त्यांत तेल सोडून बसे आणि भांडी मुलगा घासे. मी ते पाहत असे. माझ्या यजमानांनी जन्मात कधी भांडे उचलले नाही आणि माझ्या बोटांना भेगा काही कमी पडल्या नव्हत्या.

शेवटचा हात घोटाईचा. गुळगुळीत गोट्याने भिंत दाबत जायचे, ओल पुरती उडण्याआधी, थांबायचे नाही. चार दिवस ती थांबली नाही. खांद्यातून कळ आली की दुसऱ्या हातात गोटा घेई. पाचव्या दिवशी दुपारी उंच खिडकीतून ऊन आले आणि भिंतीवर पडले, आणि भिंत आतून उजळल्यासारखी दिसली. पांढरी नव्हे; सायीच्या रंगाची. फूटपट्टीने तिच्यावर पट्टी आडवी लावली, उभी लावली, तिरकी लावली. पट्टीखालून कागद सरकेना.

"हे काम मी फोटोतच पाहिलं होतं," तो म्हणाला. "महिनाभर भिंत वाळू द्या. मग नाव पक्कं करतो."

सुनेने कपाळावरचा घाम बाहीने पुसला. बाहीचा चुना कपाळाला लागला, तो तसाच राहिला. "गवंडीच लिहा हं, साहेब," ती म्हणाली. "ण नको."

त्याला ते कळले नाही, पण त्याने मान डोलावली.

महिना भरायला चार दिवस उरले असताना पाऊस लागला. थंडीतला, बारीक, न थांबणारा. हवा ओलसर झाली. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी काही आजाऱ्यांना जागा बघायला बोलावले होते. पाच-सहा माणसे आली. एक डोक्याला रुमाल बांधलेली बाई होती, वयाने माझ्या सुनेएवढी. ती थकून दक्षिणेच्या भिंतीलगतच्या बाकावर बसली आणि डोके मागे टेकले. "इथं खरंच कसलाच वास येत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या कानाशी टक् असा आवाज झाला. पिकलेली शेंग उन्हात फुटावी तसा. तिच्या रुमालावर पांढरी टिकली पडली. मग वर एक आवाज झाला, मग बाजूला. ती दचकून उठली. भिंतीवर वाटाण्याएवढे खळगे पडले होते आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा कण होता. न विरलेला कण. खड्ड्यात फुलायचा राहिलेला, तो आता ओल पिऊन भिंतीत फुलत होता आणि वरचा गिलावा उडवीत होता. अशा कणांना आम्ही फुटाणे म्हणतो. आमच्या घरच्या भिंतीवर मी फुटाणा कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळपर्यंत भिंत देवी आलेल्या चेहऱ्यासारखी झाली. दारात ठेकेदाराची माणसे जमली. "लावला की हो चुना," त्यांच्यातला एक म्हणाला.

फूटपट्टीने खळगे मोजले. एका हातभर चौकोनात सतरा. मग त्याने आम्हा चौघांना समोर उभे केले.

"कशामुळे झालं? चुना कच्चा होता का?"

रेडिओला कारण ठाऊक होते. मुलाला ठाऊक होते. फुटाणा घोटाईने येत नाही, करणीने येत नाही. तो खड्ड्यातूनच येतो, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक होते. फूटपट्टीला मात्र ठाऊक नव्हते. तिघेही माझ्याकडे पाहत होते. सून माझ्याकडे पाहत नव्हती. ती भिंतीकडे पाहत होती.

"चुना निवलेला होता," मी म्हटले. "घोटाईत दाब कमी पडला. हात नवा आहे."

पावसाचा आवाज येत होता. फूटपट्टी मुलाकडे वळला. "तुमचं काय म्हणणं?"

मुलाने खाली पाहिले. "आई म्हणते तसं असेल."

"काका, तुमचं?"

रेडिओने आयुष्यात पहिल्यांदा उत्तराला वेळ लावला. "मोठ्या बाईंच्या शब्दाबाहेर मी नाही," तो म्हणाला.

फूटपट्टीने दोघांच्या सह्या घेतल्या. सुनेला काही विचारायचे असते हे त्याच्या लक्षात आले नाही. तिने आपले दोन्ही तळवे एकदा पाहिले, मग बाहेर जाऊन घमेली पाण्याने धुऊ लागली.

घरी गेल्यावर स्वयंपाक मीच केला. मुलगा दोन घास खाऊन उठला आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसला. सून जेवत राहिली. सावकाश, नेहमीसारखी. मी म्हटले, "पुढं एखादं काम मिळेल. एवढं मनाला लावून घेऊ नये."

तिने घास गिळला, वर पाणी प्यायली.

"भाजीत मीठ दोनदा पडलंय, आई," ती म्हणाली. "काल अजिबात नव्हतं."

मी तिच्याकडे पाहिले.

"थंडी सुरू झाल्यापासून चाललंय. तुमच्या लेकाला मी सांगितलं, 'तुमच्याच जिभेला काहीतरी झालंय, मला तर बरोबर लागतं.' ते बिचारे स्वतःलाच दोष देत खातात." तिने ताट थोडे पुढे सरकवले. "मला वाटलं, तुम्हाला सांगायचं असेल तेव्हा सांगाल. घरातलं मीठ मी मुकाट खाल्लं. भिंत थोडीच मुकाट खाते."

"तेव्हाच का बोलली नाहीस? खड्ड्यापाशी?"

"बोलले की. चावतोय म्हणाले."

"माझी जीभ गेलीय हे का नाही सांगितलंस?"

"एवढ्या लोकांत?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरे वाटले असते. "आज बोलावं असं वाटलं होतं. मग म्हटलं, बघू या, आई काय सांगतात."

तिने ताट उचलले आणि उरलेली भाजी न टाकता झाकून ठेवली.

दोन दिवसांनी मी फूटपट्टीकडे गेले. प्रार्थनाघरात शिरताना उजवीकडे जी चिंचोळी खोली आहे, जिथे पूर्वी पुस्तके ठेवत, तिथे तो बसे. डॉक्टरीणबाईही होत्या, पडद्यांचे कापड बघत होत्या. मी उभीच राहिले. असे बोलणे बसून होत नाही.

"सुनेचा दोष नाही," मी म्हटले. "चुना कच्चा होता. मी चाखला, मला काही लागलं नाही आणि मी निवला म्हणाले. ताप आल्यापासून माझ्या तोंडाला चव नाही. तिनं सांगितलं होतं. मी तिला गप्प केलं, आणि परवा तुमच्यापुढं खोटं बोलले. तिचं नाव राहू द्या."

एवढे एका दमात बोलण्याची मला सवय नव्हती. मग डॉक्टरीणबाईंनी कापड खाली ठेवले, पुढे येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले.

"सुनेसाठी इतकं करणारी सासू मी पहिल्यांदा पाहतेय," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

"मी काही करत नाही. झालं ते सांगतेय."

"हो, हो," त्या म्हणाल्या.

फूटपट्टीने कागदांची चळत पुढे ओढली. "आजी, तुमच्या भावना मला कळतात. पण अहवाल वर गेलाय. दोन कारागिरांच्या सह्या आहेत, त्यातली एक तिच्या नवऱ्याची. आता तुम्ही म्हणता चव लागली नाही." तो थोडा हसला, वाईट हेतूने नव्हे. "चुन्याची चव मी कुठं लिहू? या कागदात जिभेचा रकानाच नाही."

"मग चुना कच्चा नव्हता हे कशावरून लिहिलंत?"

"तुमच्या शब्दावरून," तो म्हणाला. "मी जरा थांबायलाही तयार होतो. तुम्ही निवला म्हणालात."

"आणि तोंडाची चव गेली असेल तर तपासून घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केंद्र सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात या. आमच्याकडे निम्म्या लोकांची हीच तक्रार असते आणि कुणी वेळेवर सांगत नाही."

मी जायला वळले तेव्हा फूटपट्टीने हाक मारली. भिंत खरवडून पुन्हा करायची होती, तारीख पुढे ढकलली होती. पण तीन नावांचा नियम तसाच होता. उद्यापर्यंत तिसरे नाव नाही आले तर काम ठेकेदाराकडे द्यावे लागेल आणि तो सिमेंट लावील. आपल्या हातात काही नाही, असे फूटपट्टी म्हणाला. मग त्याने यादीचा कागद माझ्याकडे फिरवला. तिसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती, पट्टीने, सरळ. तिच्याखाली त्याने माझे नाव आधीच लिहून ठेवले होते, आणि नावापुढे धंद्याच्या रकान्यात गवंडी.

"सगळी वस्ती तुम्हाला मानते," तो म्हणाला. "तुमच्या नावाला वरून कुणी हरकत घेणार नाही."

मी तो शब्द वाचला. पन्नास वर्षे मी या घरात चुना वाहिला आणि तो शब्द माझ्या नावापुढे कुणी लिहिला नव्हता. बाहेर मुलगा आणि रेडिओ पश्चिमेच्या भिंतीवर काम करीत होते. तिथून रेडिओचा आवाज येत नव्हता. मला कागद फाडता आला असता. सही केली नाही तर मुलगा उद्या गोण्या उतरवायला जाणार होता, हे खरे आहे. पण मी सही केली तेव्हा माझ्या मनात मुलगा नव्हता. सही माझी चांगली येते. मी ती पूर्ण नावाने केली.

सून दक्षिणेच्या भिंतीवर होती. परांचीच्या वरच्या फळीवर उभी राहून ती आपली घोटलेली भिंत खरवडत होती. सायीच्या रंगाची सालपटे खाली फरशीच्या खोलगट भागात साचत होती. मला पाहून तिने हात थांबवला.

"काय म्हणाले साहेब?"

"अहवाल वर गेलाय म्हणाले."

"हं." तिने पुन्हा खरवडायला सुरुवात केली. "काम ठेकेदाराला?"

"नाही. काम आपल्याकडेच. तिसरं नाव मिळालं."

"कुणाचं?"

दारात फूटपट्टी येऊन उभा राहिला होता, हातात यादी घेऊन. त्याने वर पाहिले आणि अवघडून घसा खाकरला.

"बाई, तुम्हाला आता भिंतीला हात लावता येणार नाही. यादीत नाव असलेल्यांनीच. खरवडायचं असलं तरी. वरून तपासणीला येतील कधीही."

तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. बराच वेळ नाही. जेवढा वेळ भिंतीला ओळंबा लावायला लागतो तेवढाच. मग तिने खरवडणी फळीवर ठेवली, नीट, टोक आत करून, खाली कुणाच्या डोक्यावर पडू नये अशी. ती एकेक पायरी खाली उतरली. तिच्या केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी होती. जमिनीवर आल्यावर तिने हात कपड्यांना पुसले.

"चढा, आई," ती म्हणाली. "अर्धी राहिली आहे."

मुलगा पश्चिमेच्या भिंतीवरून पाहत होता. रेडिओही पाहत होता. मी चपला काढल्या. परांची माझ्या दुप्पट उंच होती आणि मी तिच्यावर कधी चढले नव्हते. पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा गुडघ्यातून कळ निघाली ती कमरेपर्यंत गेली. मी थांबले. खाली पाहिले नाही.

सून पुढे झाली. तिने शिडीच्या दोन्ही बाजू पकडल्या आणि आपले वजन तिच्यावर टाकले.

मी चढत गेले. शिडी जराही हलली नाही.